पोरीला मिशनच्या शाळेत घालू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कास्तकार भाऊंची मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेतून सातवी पास झाली. गावात पुढचा वर्ग नाही. 9 किलोमीटरवर तालुक्याच्या गावी दोन अनुदानित शाळा आहेत, एक तिथल्या शिक्षण संस्थेची आणि दुसरी मिशनची, सिस्टर लोक चालवतात ती. भाऊ विचारतात, "मिशनमध्ये शिस्त आहे, संस्कार आहेत असं सगळे सांगतात. पण घरची म्हातारी म्हणते, पोरगी बाटवतील. तिथं दिवसभर नेमकं चालतं काय? आपल्यासारख्याच्या पोरीनं तिथं जावं का?"

मी अशाच एका शाळेत 1989 ते 2021 गणित-विज्ञान शिकवलं. शेवटची काही वर्षं पर्यवेक्षक होतो. शाळा मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी, पाचशेच्या आसपास पोरं, त्यात कॅथलिक घरची दहा-बाराच. मी स्वतः ख्रिस्ती नाही. घरी देवघरात गजानन महाराज आहेत आणि शाळेत रोज क्रुसाखालून आत जायचो. तेव्हा जे सांगतो ते आत राहिलेल्या बाहेरच्या माणसाचं समजा.

भाऊ, आधी शब्दांचा गोंधळ काढू. आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' म्हणजे इंग्रजी शाळा एवढाच अर्थ उरला आहे. गल्लीत कुठल्याही महाराजांच्या नावानं केजी उघडली की पाटीवर 'कॉन्व्हेंट' लागतंच. खरं कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर लोकांचं राहण्याचं घर, आणि तुम्ही विचारता ती शाळा त्या घराशेजारची. 'मिशन'चंही तसंच. नागपूरचं 1883 चं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट मिशनचे. त्यांच्यात पाद्री लग्न करतात, संसार करतात. कॅथलिकांचे फादर आणि सिस्टर अविवाहित असतात, त्यांचा पगार त्यांच्या संघाकडे जमा होतो आणि वरून पत्र आलं की एका पेटीनिशी दुसऱ्या गावी जातात. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत 1887 चा. अमरावतीचा त्यातूनच 1955 मध्ये वेगळा झाला. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा हा आपला टापू 1962 मध्ये केरळच्या सीएमआय संघाच्या फादरांकडे सोपवला गेला आणि त्याला ते अजून जुन्या नावानं 'चांदा'च म्हणतात. तुमच्या तालुक्यातल्या सिस्टरचं मराठी मल्याळी चालीचं का, याचं उत्तर त्यात आहे. या सीएमआय संघाच्या मूळ पुरुषाचं नाव पुढे एका डब्याच्या निमित्तानं येईल.

आता म्हातारीचं. त्यांना हसू नका, प्रश्न रास्त आहे. माझ्या 32 वर्षांत शाळेत शिकतोय म्हणून एखाद्या पोराचा बाप्तिस्मा झालेला मी पाहिला नाही. ही माझ्या एका शाळेची साक्ष, जगाची हमी नव्हे. पण तुमच्या हाती त्याहून पक्की गोष्ट आहे. संविधानाच्या कलम 30 नं अल्पसंख्याकांना शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला, आणि त्याच संविधानाच्या कलम 28(3) नं तुम्हालाही हक्क दिला. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धर्माच्या शिकवणीला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकाची लागते. प्रवेशाच्या दिवशी एका कागदावर लिहून द्या, 'माझ्या मुलीस धार्मिक उपासनेस बसविण्यास माझी संमती नाही', आणि पोच घ्या. चांगली शाळा यावर रागावत नाही. आमच्याकडे असे अर्ज फाईलला लावलेले होते आणि त्या पोरांकडे कुणी वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही.

खुद्द त्यांच्या चर्चचंही म्हणणं हेच आहे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं डिसेंबर 1965 मध्ये धर्मस्वातंत्र्यावर जो जाहीरनामा काढला, त्यात श्रद्धेच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करू नये असं स्पष्ट आहे. अलीकडे, एप्रिल 2024 मध्ये, भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या शाळांना सूचना पाठवल्या : इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती रीती लादू नका, परिपाठात संविधानाची प्रास्ताविका म्हणा. आमच्या महाराष्ट्रातल्या शाळांत प्रास्ताविका आधीपासून चालूच होती, त्यामुळे आम्हाला त्यात नवं काही वाटलं नाही.

अजून एक, हे जरा बाजूचं आहे. आपल्या जिल्ह्यात 'धर्मांतर' हा शब्द सगळ्या घरांत एकाच आवाजात उच्चारला जात नाही. 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे आजे त्या दिवशी मैदानात होते. त्यांच्या घरी धर्म बदलणं म्हणजे मान वर करणं. म्हणून 'बाटवतील' हा शब्द मी वर्गात कधी वापरला नाही, आणि तुम्हीही पोरीसमोर वापरू नका. तिच्या बाकावर कोण बसेल ते माहीत नाही.

दिवस कसा जातो विचारता. घंटा, परिपाठ, तास, खिचडी, तास, खेळ, घर. कोणत्याही अनुदानित शाळेचा असतो तसाच. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रास्ताविका, सुविचार, बातम्या, आणि एक प्रार्थना जिच्यात 'परमेश्वरा' असतो पण कुणाचं नाव नसतं. मग एक मिनिट शांत उभं राहायचं, ज्यानं त्यानं आपापलं आठवायचं. नवीन पोरांना हे एक मिनिट फार जड जातं. चुळबुळ, खसखस. दिवाळीपर्यंत सवय होते. आठवड्यातून एक तास कॅथलिक पोरं धर्मशिक्षणाला फादरांकडे जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला वर्गात बसतात. खरं सांगू का, तो मूल्यशिक्षणाचा तास सगळ्यात कंटाळवाणा असायचा. मीही घेतला आहे. पुस्तकातली बोधकथा वाचायची, खाली 'तात्पर्य' लिहून द्यायचं, पोरं पाठ करायची. त्या तासानं कुणी सुधारलेलं मला आठवत नाही.

नाताळात गोठा करतात, तोही पोरंच करतात. आमच्याकडचा गोठा बघून केरळहून आलेल्या एका फादरांना हसू आवरेना, कारण त्यात पोळ्याची लाकडी बैलं उभी होती, झूल घातलेली. तान्ह्या पोळ्याला फिरवलेली बैलं पोरांनी घरून आणली होती. ती तशीच राहू दिली. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला खंजेरीवर भजन व्हायचं. पाच सप्टेंबरला शिक्षक दिन आणि मदर तेरेसांचा स्मृतिदिन एकत्रच येतात, तेव्हा त्या दिवशी भाषणं जरा लांबायची.

तर मग 'संस्कार, संस्कार' म्हणतात ते कुठं असतं? माझ्या डोळ्यांसमोरच्या दोन गोष्टी सांगतो. एक डब्याची, एक माझ्या चुकीची.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत असतो. त्यामुळे मधल्या सुट्टीत पाचवी ते आठवी पंगतीला बसते आणि नववी-दहावीची पोरं डबा आणतात. ज्यांच्या घरी सकाळी चूल पेटत नाही ती नळावर जातात, पाणी पितात, तोंड धुतात, पुन्हा पाणी पितात. कापूस वेचणीच्या दिवसांत आया पहाटेच शेतावर जायच्या तेव्हा अशी पोरं वाढायची. आम्ही सगळे हे बघत होतो. मी कितीतरी वर्षं बघत होतो आणि मला त्यात काही करण्यासारखं दिसलं नाही. नवीन मुख्याध्यापिका आल्या, त्यांना पहिल्याच महिन्यात दिसलं. त्यांनी परिपाठात जाहीर केलं, "उद्यापासून प्रत्येकाने घरून एक मूठ आणायची. तांदूळ चालेल, डाळ चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर एक आजी कमरेवर हात ठेवून उभी.

"काहो सिस्टर, तुमी पोट्ट्याइले मूठ मागून राह्यले म्हने? कोनावर मारता?"

सिस्टरला काही कळेना. मी बाजूला नेऊन सांगितलं की आमच्याकडे मूठ मारणं म्हणजे करणी करणं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्या खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आजीला आत बोलावून चहा पाजला. त्या दिवसापासून नाव बदललं, 'मूठ'ची 'ओंजळ' झाली. आणि ओंजळ म्हटल्याबरोबर पोरं दुप्पट आणायला लागली, हा आमचा फायदा.

पण मला सांगायचं आहे ते डब्याबद्दल. व्हरांड्यात तेलाचा रिकामा पिपा ठेवला होता. त्याच्या तोंडाला जाड कापडाची बाही शिवून बसवलेली, सदऱ्याची असते तशी. पोरानं हात मनगटाच्या वरपर्यंत त्या बाहीत घालायचा, आत मूठ उघडायची, हात बाहेर काढायचा. कोणी किती टाकलं दिसत नाही. कोणी टाकलं की नाही, हेही दिसत नाही. ज्याच्या घरी काहीच नाही तोही रांगेत येऊन रिकामा हात आत घालून जायचा. आम्हा शिक्षकांनाही पत्ता लागायचा नाही. मी गणिताचा माणूस, मी म्हटलं नोंद ठेवू, कोणत्या वर्गाचं किती जमलं, फळ्यावर लिहू, चढाओढ लागेल. सिस्टर म्हणाल्या, "नको सर, मग रिकामा हात कसा येणार?" शुक्रवारी तो पिपा उपडा करायचा, निवडायचा, आणि खिचडीवाल्या बाई नववी-दहावीसाठी वेगळं पातेलं चढवायच्या. जेवायला सगळेच बसायचे, डबेवालेही.

ही युक्ती सिस्टरच्या डोक्यातली नव्हती. चावरा कुरियाकोस एलियास नावाचे धर्मगुरू केरळात होऊन गेले, 1805 ते 1871. तेच सीएमआय संघाचे एक संस्थापक. ज्या काळात खालच्या मानलेल्या जातींच्या पोरांना शाळेच्या आसपास फिरकू देत नव्हते त्या काळात त्यांनी प्रत्येक चर्चला लागून शाळा काढायला लावल्या, आणि उपाशी पोर शिकत नाही म्हणून घरोघर स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढायची रीत घातली. मल्याळीत तिला पिडियरी म्हणतात. चावरांना चर्चनं 2014 मध्ये संत जाहीर केलं. आमच्या शाळेत त्यांची तसबीर होती. मी रोज तिच्याखालून जायचो आणि इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं की हा दाढीवाला बावा कोण.

दुसरी गोष्ट 1994 ची. सहलीचे जमा केलेले 340 रुपये माझ्या टेबलाच्या खणातून गेले. नववीच्या वर्गात पारधी बेड्यावरचा एक मुलगा होता. मी कोणाला काही न विचारता त्यालाच उभं केलं. खिसे तपासले, दप्तर उलटं केलं. त्याच्या दप्तरातून एक वही, अर्धी भाकर आणि गुलेर निघाली. मी जे बोललो ते इथं लिहीत नाही, पण त्यात त्याच्या जातीचं नाव होतं. दोन दिवसांनी हजेरीपटाच्या जाड कव्हराच्या आत पैसे सापडले. मीच ठेवले होते.

मी तेव्हाच्या सिस्टरकडे गेलो आणि सांगितलं की पैसे मिळाले, विषय संपला. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्याला बोललात तेव्हा वर्गात किती मुलं होती?" मी म्हटलं, 42. त्या म्हणाल्या, "मग 42 समोर झालं पाहिजे ना सर." मी पाच वर्षं नोकरी झालेला, गावात 'सर, सर' म्हणून मान असलेला. मला तो अपमान वाटला. रात्री बायकोला म्हणालो, सोडतो ही नोकरी. बायको म्हणाली, "सोडा. पण आधी माफी मागून या."

दुसऱ्या दिवशी मागितली. घसा कोरडा पडला होता, वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. पोरगा खाली बघत होता, काही बोलला नाही. त्यानंतर चार दिवस आला नाही. मी सायकलनं बेड्यावर गेलो, त्याच्या बापाशी बोललो, मग तो परत आला. पण नववीनंतर त्यानं शाळा सोडलीच. हे मी गोड करून सांगू शकत नाही. मात्र त्या वर्गातली बाकीची 41 पोरं मला आजही बाजारात भेटतात, आणि त्यांना माझं गणित आठवत नाही, तो दिवस आठवतो.

मला विचाराल तर कॅथलिक शाळेची मूल्यं पाहायची असतील तर तिथं चूक झाल्यावर काय होतं ते पाहा. त्यांच्या धर्मात चूक कबूल करणं आणि क्षमा मागणं याला फार मोठी जागा आहे. त्यांची माणसं फादरपुढे जाऊन पाप सांगतात, आधी मनाशी हिशेब करतात. तो विधी आपल्या पोरांना करायचा नसतो, पण त्याची सवय शाळेच्या हवेत उतरते. वहीत खाडाखोड करून सही बदललेली पोरगी सापडली तर आधी विचारतात, 'आता कसं निस्तरशील?' सगळ्याच सिस्टर अशा असतात असं नाही. काही नुसत्याच कडक असतात, आणि कडकपणालाच गावाकडे संस्कार म्हणतात. तिथं पालक फसतात.

आता न आवडलेलं.

शांततेचा अतिरेक. व्हरांड्यातून रांगेत, तोंडावर बोट, 'हो सिस्टर', 'नाही सिस्टर'. आमच्या पोरी दहावीला छान मार्कांनी पास व्हायच्या आणि अकरावीला कॉलेजात गेल्यावर सहा महिने वर्गात हात वर करायच्या नाहीत. हे मी दर वर्षी बैठकीत मांडलं. कधी ऐकलं गेलं, कधी नाही. मेंदीचा वाद तर माझ्या डोक्यात अजून आहे. एका वर्षी सणासुदीला हातावर मेंदी काढून आलेल्या पोरींना दहा-दहा रुपये दंड केला. मी म्हटलं, सिस्टर, तुमच्या गळ्यातला क्रूस तुम्ही दंड भरून घालता का? त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दंड परत झाला, पण नियम तसाच राहिला. मुलगा-मुलगी बोलताना दिसले की घरी चिठ्ठी, हा आणखी एक रोग. त्यात मिशनचं वेगळेपण काही नाही म्हणा, आपल्या सगळ्याच शाळांना तो आहे.

बदल्यांचंही आहे. सिस्टर तीन-चार वर्षांनी जातात. ओंजळीचा पिपा लावणाऱ्या सिस्टर गेल्या आणि पुढच्या आल्या त्यांना तो व्हरांड्यात गबाळा वाटला. दोन वर्षं तो कोठीत पडून होता. मग पोरांनीच काढला. मुख्याध्यापकाचं पदही बाहेरच्याला मिळत नाही. 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यानं अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि आणखी तिघांपर्यंत आपल्या पसंतीचे नेमायची मोकळीक दिली आहे. मी ज्येष्ठता यादीत पहिला असताना माझ्याहून अकरा वर्षांनी लहान सिस्टर त्या खुर्चीत बसल्या. कायद्यानं बरोबर होतं. मला वाईट वाटलं का? वाटलं. त्यांनी पहिल्या दिवशी वेळापत्रक माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, "सर, हे मला येत नाही." तेवढ्यावर मी निवृत्तीपर्यंत तगलो.

पैशांचं बघू. शाळा अनुदानित आहे का आणि तुमची मुलगी ज्या तुकडीत बसणार ती तुकडी अनुदानित आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. काही ठिकाणी एकाच इमारतीत एक तुकडी अनुदानित आणि शेजारची इंग्रजी तुकडी फी घेणारी असते. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिकवणी फी नाही. 25 टक्के मोफत प्रवेशाची योजना अल्पसंख्याक शाळांना 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून लागू नाही आणि तशीही ती पहिल्या वर्गापासून असते, म्हणून त्या नादी लागू नका. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला मात्र बसवाच. सातवीला 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 50. पालकाचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. पास झाली आणि यादीत नाव आलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये थेट तिच्या खात्यात येतात. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या पोरांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणून वरचा प्रश्न महत्त्वाचा. येण्या-जाण्याला एसटीचा पास मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. तुमच्या मार्गावर मानव विकासची निळी बस असेल तर तिच्या वेळा शाळेशी जुळतात का ते आधी बघा. आमच्याकडे ती संध्याकाळी हमखास वीस मिनिटं आधी निघून जायची आणि पोरी अंधारात ऑटोची वाट बघत बसायच्या.

वसतिगृहाचं तुम्ही विचारलं नाही, पण बस नीट नसेल तर सिस्टर स्वतःच सुचवतील. तिथं पहाटे पाचला उठणं, आंघोळ, कॅथलिक मुली चॅपेलमध्ये आणि बाकीच्या अभ्यासाला, मग झाडलोट आणि नाश्ता. झाडलोट पाळीनं, पाटलाच्या पोरीलाही चुकत नाही. नववीतल्या एका सावकाराच्या मुलीचा बाप भांडायला आला होता, 'माझी पोरगी भांडी घासायला पाठवली नाही.' बाहेर अंगणात त्या वेळच्या मोठ्या सिस्टर स्वतः कढई घासत बसल्या होत्या. त्याला वाटलं ती स्वयंपाकीणबाई, तिलाच विचारलं, 'सिस्टर कुठंय?' पुढचं भांडण झालंच नाही.

पण वसतिगृहात घालणार असाल तर पांढऱ्या झग्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. कोणत्याही झग्यावर टाकू नका. सखी सावित्री समिती, म्हणजे पोरींच्या सुरक्षेसाठीची समिती, आहे का, तिच्यात कोण आहेत, तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे, रात्री आजारी पडली तर फोन कोण करतं, हे विचारा. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पोरीला पाठ करायला लावा. आणि भेटीचा रविवार चुकवू नका. ज्या मुलींना घरचं कोणी भेटायला येत नाही त्या कुठल्याही वसतिगृहात एकट्या पडतात.

दुसऱ्या, संस्थेच्या शाळेबद्दल मी काही बोलत नाही, कारण ती मी पाहिलेली नाही. तिथले हेडमास्तर चांगले असतील तर तीही चांगलीच. मिशनची शाळा नाव मिशनचं म्हणून चांगली होत नाही.

म्हणून बघायला जा. शनिवारी जा, सकाळची शाळा असते. शाळा सुटायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि आधी ऑफिसात न जाता नळाजवळ थांबा. कोण कोणाला पाणी ओतून देतं, कोणाला शेवटी उभं राहावं लागतं, ते दिसेल. मग ऑफिसच्या खिडकीशी या. तुमच्या पुढे एखादी मजुरीवाली बाई दाखल्यासाठी उभी असेल तर बाबू तिच्याशी कसा बोलतो ते ऐका, तुमच्याशी तो नीटच बोलेल. नववीतल्या एखाद्या पोरीला विचारा, 'गृहपाठ नाही केला तर काय होतं बाई इथं?' ती उत्तर देण्याआधी इकडेतिकडे बघते का, हे लक्षात ठेवा.

पोरीला सोबत न्याल ना? बरेच बाप एकटेच जाऊन फॉर्म भरून येतात. तिला वर्गाच्या दारात दोन मिनिटं उभी करा आणि परत येताना बसमध्ये तिचं म्हणणं ऐका. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, पण आठवीच्या जागा त्याआधीच भरतात. तेव्हा गावच्या शाळेतून दाखला लवकर काढून ठेवा, त्यावरची जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख एक आहे का ते तिथंच गुरुजींसमोर ताडून घ्या. नावातली वेलांटीसुद्धा.